तब्येतीचं कारण

रविवारच्या जेवणाला बेबी आली ती चपला दारातच भिरकावून, आणि कुणाशी अक्षर न बोलता सरळ टेबलाच्या टोकाशी बसलेल्या मोठ्या काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, माझा राजीनामा तुम्ही परत घेतलात?"

काकांनी पेल्यातलं पाणी सावकाश संपवलं, पेला जागेवर ठेवला, ओठ टिपले. "आधी हातपाय धू. दोन घास खा. मग सगळं सांगतो."

"मी उभ्यानेच ऐकते."

"बेबी, आवाज," आई म्हणाली.

चाळिशी उलटलेली बाई, स्वतःचा संसार, कानाजवळ पांढरे केस, आणि या घरात अजून बेबी. लाडाचं नाव म्हणून ठीक होतं, पण बेबी म्हटलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं. तिने काय शिकायचं, कुठे चिकटायचं, कधी उठायचं, कधी गप्प बसायचं. वडील गेले तेव्हा ती लहान होती आणि मोठ्या काकांनी दोन्ही पोरांना पंखाखाली घेतलं, हे खरं. पण पंखाखाली घेतलं म्हणजे जन्मभर पंखाखालीच ठेवायचं, असं कुठे लिहिलंय का?

शुक्रवार तिचा ऑफिसातला शेवटचा दिवस. म्हणजे तिच्या समजुतीने. टेबलाचा खण रिकामा केला होता, चहाचा कप वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला होता. दिवसभर कुणी काही बोललं नाही. तिला वाटलं, जाताना बोलतील. संध्याकाळी साहेब आपल्या केबिनमधून आले, तिच्या पिशवीकडे बघून हसले आणि म्हणाले, "सोमवारी भेटू. थोडं उशिरा आलात तरी चालेल. काकांनी सगळं सांगितलंय. विश्रांती घ्या." साहेब काकांच्या हाताखाली तयार झालेले. काका निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑफिसात चहाला आले की हे साहेब उठून उभे राहतात. काका म्हणाले राजीनामा परत द्या, यांनी दिला. ज्या बाईचा होता तिला विचारायचं यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही!

"परत घेतला असं कशाला म्हणतेस?" काका म्हणाले. "थांबवला. मी त्यांना सांगितलं, पोरीच्या मनावर ताण आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, अशा वेळी केलेल्या सहीला काय अर्थ? त्यांनाही पटलं. कुणाचं मन दुखावलं नाही, कुणी वाईट झालं नाही. कुठे बिघडलं?"

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"अगं, असं म्हणायचं असतं."

असं म्हणायचं असतं! या घरात कुणालाही सरळ नाही म्हणायची पद्धतच नव्हती. लग्नाला जायचं नाही, कुणाला जामीन राहायचं नाही, पाहुणे नको आहेत, तर घरातल्या कुणाला तरी आजारी पाडायचं. कोणाला कुठला आजार द्यायचा हे काका ठरवत. दादाला मित्राच्या घरच्या कार्यातून सोडवायला एकदा कावीळ दिली होती, आणि तो मित्र नंतर भेटायला आला तर दादा धडधाकट, सायकलीला तेल घालत बसलेला. वहिनीला गुडघा दिला होता. तिच्या मैत्रिणी दरवर्षी सहलीला जायच्या, आणि दरवर्षी काका फोनवर सांगायचे, गुडघा फार दुखतोय हो तिचा. शेवटी मैत्रिणींनी विचारणंच सोडलं. आईला दमा दिला होता, पण तो इतका जुना की तो दिलेला आहे हेच सगळे विसरले होते.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?" बेबीने टेबलावरच्या एकेकाकडे पाहिलं.

दादाने भाजीचं भांडं पुढे ओढलं. वहिनी ताटात बघत होती. बेबीचा नवरा, जो सकाळी तिला म्हणाला होता की तू हो पुढे, मी मागून येतो, तो तिच्या आधीच येऊन काकांच्या उजव्या हाताला बसला होता.

"तुलाही?"

"अगं, काळजीपोटी," तो म्हणाला. "मी काकांना एवढंच म्हटलं की जरा समजवा. ते काय करतील हे मला काय ठाऊक?"

"मला समजवायला तुला काका लागले? एका घरात राहतो आपण!"

"तू ऐकतेस का माझं?"

"बस खाली," दादा म्हणाला. "तमाशा नको. बेबी, मला एक सांग. वेळेवर पगार आहे, स्वतःची खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. आजोबा तिथेच होते, काका तिथेच होते. आणखी काय हवं असतं माणसाला?"

बेबी बसली. बसली ती ऐकायला नाही, सांगायला.

"मी तिथे काय करते, माहितीये तुला?"

"तक्रार विभागात आहेस."

"फ्रिज बंद पडलेल्या लोकांना मी चार ठरलेली उत्तरं देते. पहिल्या फोनला, नोंद घेतली आहे. दुसऱ्याला, माणूस निघालाय. तिसऱ्याला, भाग मागवलाय. चौथ्याला, वरिष्ठांना कळवलंय. पंधरा-सोळा वर्षं! गेल्या उन्हाळ्यात एक बाई रोज फोन करायची. मुलाचं औषध थंड ठेवावं लागतं, तिचा फ्रिज बंद. तो भाग आमच्याकडे बनतच नाही आता. मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. मी साहेबांना म्हटलं, सांगून टाकते, बिचारी दुसरा घेईल तरी. तर म्हणाले, आपण नाही म्हणायचं नाही, आपण थांबवायचं. मी तिला थांबवलं, दादा. रोज गोड बोलून थांबवलं. ती मला थँक्यू म्हणायची. फोन ठेवल्यावर मला माझ्या जिभेची किळस यायची."

"सगळीकडे असंच असतं," दादा म्हणाला. पण पहिल्यासारखं ठामपणे नाही.

"तलावावर नसतं."

"आला तलाव!" काकांनी हात उडवला. "गुडघाभर पाण्यात उभं राहून बायकांना हात-पाय मारायला शिकवायचं, हे काम झालं? हौस झाली. सकाळी कर की हौस, कोण अडवतंय?"

"छातीभर," बेबी म्हणाली. "आणि हात-पाय नंतर. आधी श्वास. काका, माझ्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई येतात, तुमच्याच वयाच्या. लहानपणी नदीत भाऊ गेला, तेव्हापासून बादलीत तोंड बुडवलं नव्हतं त्यांनी. पहिला महिना आम्ही नुसतं पायरीवर बसून पाण्यात फुंकर मारायचो. परवा त्या उताण्या तरंगल्या. मी मानेखालचा हात कधी काढला त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा रडायला लागल्या आणि रडता रडता तरंगतच राहिल्या. हे मी केलं. मी! त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी पुन्हा नोंद घेतली आहे, नोंद घेतली आहे, म्हणत बसले. मला तिथे परत जायचं नाही. मोठ्यांच्या वर्गाची पूर्ण वेळेची जागा तलावावरच्या मास्तरांनी मला दिलीये. उद्या सकाळी मी रुजू होणार, आणि साहेबांना दुसरा राजीनामा देणार. तो परत घ्यायला कुणी गेलं तर बघा."

चमचे थांबले. काका बोटाने टेबलावरचा एक कण पुसत होते. नवरा उठून उगीचच पाण्याचा जग भरायला गेला, जग भरलेलाच होता तरी.

"काय झालं?" बेबीने विचारलं.

"काही नाही, जेव," आई म्हणाली. "भाऊजी तुझ्या वाइटासाठी काही करतील का?"

"आई, काय केलंय यांनी?"

तेव्हा वहिनी बोलली. काकांची सगळ्यात लाडकी सून, त्यांच्या शब्दापुढे कधी न गेलेली. मान खालीच होती. "बेबीताई, तुम्ही एकदा मास्तरांना फोन करा."

"तुला मध्ये कुणी बोलायला सांगितलं?" दादा खेकसला.

बेबीने तिथेच फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मास्तरांचा आवाज पाण्याच्या गोंगाटातून आला.

"अहो, मी तुम्हाला फोन करणारच होतो. पण म्हटलं, कसं विचारायचं. तब्येत कशी आहे?"

"माझ्या तब्येतीला काय झालंय?"

"लपवू नका हो. तुमचे काका येऊन गेले काल. फार सज्जन माणूस. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, तुम्हाला आकडी येते, लहानपणापासून. घरच्यांनी झाकून ठेवलं. आता तुम्हीच सांगा, मी तुम्हाला पाण्यात कसं उतरवू? तुम्ही एकट्या असतात तरी एक वेळ ठीक. तुमच्या हातावर दुसऱ्याचा जीव असतो. जागेसाठी मी दुसरं माणूस बघतोय. मला स्वतःलाच फार वाईट वाटलं."

"मला आकडी येत नाही."

"असं प्रत्येकजण म्हणतो, बाई. मी तुमच्यावर विश्वास ठेवला आणि उद्या काही झालं तर? ज्यांनी सांगितलं त्यांनी येऊन माझ्या तोंडावर सांगावं की तसं काही नाही. आणि डॉक्टरांचा दाखला आणा. मग बघू."

फोन बंद झाला. बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसात ताण म्हणाले, ते एक वेळ गिळलं असतं. पण पाण्यात काम करणाऱ्या बाईला आकडी? म्हणजे या तलावावर नाही, कुठल्याच तलावावर नाही. जे एकच काम तिला स्वतःचं वाटलं होतं, त्याचा या माणसाने दोन मिनिटांत गळा घोटला होता, आणि वर डोळ्यांत पाणी आणून!

"आकडी, काका? आकडी?"

"हे बघ, मी विचार करून निवडलं," काका म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आपण काही चुकीचं बोलतोय असं वाटत नव्हतं. "कंबर म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, पाण्याने बरी होते. ताप म्हटलं असतं तर म्हणाले असते, पुढच्या आठवड्यात या. असं काहीतरी हवं होतं की त्यांनी पुन्हा विचारायलाच नको. तुलाही नाही म्हणायचा त्रास नको, त्यांनाही वाईटपणा नको. मी सगळ्यांचाच विचार केला."

"माझा सोडून!"

"तुझाच! बाप नसलेल्या पोरीला मी ओळख लावून चिकटवलं तिथे. नाकं मुरडत नाही बसलो. आणि तू ते सोडून ओल्या कपड्यांत उभी राहणार? लोक काय म्हणतील मला?"

"लोक तुम्हाला खोटारडा म्हणायला हवेत. आत्ता उठा, तलावावर चला, आणि मास्तरांसमोर सांगा."

"मी? त्या माणसासमोर? या वयात?" काकांनी आधारासाठी आजूबाजूला पाहिलं. "जावईबापू, समजवा हिला."

नवऱ्याने तोंड उघडलं. बेबीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते पुन्हा मिटलं.

"डॉक्टरचा दाखला आण, मिटवून टाक," दादा म्हणाला. "काकांना कशाला तोंडघशी पाडतेस? उपकार विसरू नये माणसाने."

"दाखला माझा मी आणीन. पण मी आजारी नाही हे सिद्ध करायला मी दारोदार फिरायचं, आणि ज्यांनी आजारी केलं त्यांनी इथे बसून जेवायचं?"

"भाऊजी," आई म्हणाली.

तिचा आवाज हळू होता, पण आई काकांशी बोलताना नेहमी पदर सावरते, तो आज तिने सावरला नव्हता. "आत्ता फोनवर तो माणूस म्हणाला ना, डोळ्यांत पाणी होतं. माझ्या वेळीही होतं का हो?"

"तुझ्या वेळी कसलं?"

"मुलींच्या वसतिगृहावर मला घेणार होते. हे गेले त्याच वर्षी. राहायला दोन खोल्या, मुलांना तिथलीच शाळा. गाणं शिकवायचं आणि मुलींवर लक्ष ठेवायचं. सगळं ठरलं होतं. मग एकदम नको म्हणाले. पुढे कितीतरी दिवसांनी तिथल्या मोठ्या बाई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, दम्याचं आधी सांगायचं ना."



"आई, तुला दमा आहे ना?" दादा म्हणाला.

"नाही रे. कधीच नव्हता. पहिल्यांदा मीच म्हणायचे, मला काही नाही. पण सगळे म्हणायला लागले, जप, चढू नको, गाऊ नको, धाप लागेल. मग मीही जिन्यात मध्ये थांबायला लागले. थांबायची सवय झाली की धाप लागल्यासारखंच वाटतं." ती काकांकडे वळली. "तुम्ही वाईट नाही, भाऊजी. तुम्ही आम्हाला दोन घास दिलेत, मी रोज नाव काढते. पण मला कमवता येणार होतं. दोन खोल्यांत मी माझी पोरं वाढवली असती. ते तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत."

बेबीला आईच्या गळ्यात पडावंसं वाटायला हवं होतं. तिला आईचाच राग आला, भडकून राग आला.

"आणि हे तू आज सांगतेस? मी त्या ऑफिसात चिकटले तेव्हा तू पेढे वाटलेस घरोघर! आत्तासुद्धा म्हणालीस, काका वाइटासाठी करतील का. तुला माहीत होतं हे कसे करतात, तरी तू मला त्यांच्या हवाली केलंस!"

"हो," आई म्हणाली. "केलं. चुकलं माझं. आता भांड माझ्याशी, पण उद्या. आज त्यांना घेऊन जा."

काकांनी छातीवर हात ठेवला. "मला जरा बरं वाटत नाहीये. घाम फुटलाय बघ."

इतर कुठल्याही रविवारी दादा धावला असता. आज तो आईकडे बघत बसला होता, पहिल्यांदाच पाहिल्यासारखा. वहिनी उठली, चटपट, दोन्ही गुडघ्यांवर व्यवस्थित. तिने पेला भरून काकांपुढे ठेवला. "पाणी प्या काका, आणि उठा. मी तुमच्या चपला काढून ठेवते."

बेबीने नवऱ्यापुढे हात केला. "गाडीची किल्ली."

"मी चालवतो ना."

"तू इथे बस, आणि सगळ्यांची भांडी घास."

गाडीत काका एकदाच बोलले. म्हणाले, "मास्तरांना सांगू या की माझाच ऐकण्यात गोंधळ झाला. दुसऱ्या कुणाचं तरी तुझ्या नावावर गेलं." बेबीने रस्त्यावरची नजर काढली नाही. "एक जरी शब्द फिरवलात," ती म्हणाली, "तर मी तिथल्या तिथे पाण्यात उडी मारून दाखवीन तुम्हाला, साडीसकट, आणि मग त्यांना तुमच्या डोक्याच्या आजाराबद्दल सांगीन. मलाही जमतं ते. याच घरात वाढलेय."

रविवारी तलावावर बायकांचा वर्ग दुपारी असे, तो अजून भरायचा होता. दारातल्या माणसाने काकांना पादत्राणं काढायला लावली. इस्त्रीची पँट, कडक शर्ट आणि उघडे पाय, अशा अवस्थेत ओल्या फरशीवर उभे असलेले काका बेबीने जन्मात पाहिले नव्हते. मास्तर गळ्यातली शिट्टी सावरत पुढे आले, अदबीने नमस्कार केला.

"मी काल तुम्हाला म्हणालो होतो," काकांनी घसा साफ केला, "त्यात जरा... घरातल्या माणसांची माया अशी असते, की..."

"काका."

"हिला आकडी येत नाही."

"मग काल?" मास्तर म्हणाले.

काकांनी बेबीकडे पाहिलं. तिने त्यांना वाचवलं नाही.

"काल मी खोटं बोललो. हिने नोकरी सोडू नये म्हणून."

मास्तरांनी त्यांच्या उघड्या पायांकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा कठोर झाला. "आजोबा, आकडीचं खोटं तलावावर बोलायचं नसतं. इथे माणसं मरतात." ते बेबीकडे वळले. "उद्या दाखला घेऊन या. जागा तुमचीच. जा आता, तुमची तुकडी आलीय, मी काठावर उभा राहतो."

काका सुटल्यासारखे वळले. "झालं ना तुझ्या मनासारखं? चल, आता राग सोड. जेवण गार झालं असेल."

बेबीने उत्तर दिलं नाही. कपडे बदलून ती पायरीशी आली. शिवणकाम करणाऱ्या बाई खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांच्यामागे काठाने तुकडीतल्या बाकीच्या बाया, अंगाभोवती टॉवेल गुंडाळून, एकमेकींत कुजबुजत. बेबी पाण्यात उतरली आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

बाईंनी हात दिला नाही.

"राग नको मानू," त्या म्हणाल्या. "काल कुणीतरी सांगत होतं. तुला पाण्यातच काहीतरी होतं म्हणे? मला तुझी माया आहे गं, पण तू मानेखाली हात धरलास आणि तेव्हाच जर..." त्यांनी पाय वर ओढून घेतले. मागच्या बायकांपैकी एकीने नजर चुकवली, दुसरी तर कपडे बदलायच्या खोलीकडे परत निघाली होती.

बेबीचा हात तसाच पाण्यावर राहिला. एका दिवसात. एका दिवसात हे सगळ्यांपर्यंत पोचलं होतं, आणि मास्तरांनी जागा दिली काय, न दिली काय, हातात हात देणारं कुणी उरलं नव्हतं. रडायची तिला आज अजिबात इच्छा नव्हती.

तिने मान वळवली. काका दारापर्यंत पोचले होते, वाकून चपलेत पाय सरकवत होते.

"काका!" ती ओरडली. सगळ्या तलावावर आवाज घुमला. "चपला काढा. इकडे या. यांना सांगायचं राहिलंय."

काकांनी वर पाहिलं. काठावरच्या सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या.

"सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

"एकेकीला."

काका काही वेळ एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. मग ती काढली, आणि ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत पहिल्या बाईंपाशी आले.